विज्ञानकथेतील बंद दार

विज्ञानकथा वाचणाऱ्याला एक दृश्य फार परिचयाचे झालेले असते. गावाबाहेर किंवा एखाद्या संस्थेच्या तळघरात प्रयोगशाळा असते. तिचे दार बंद असते. आत दिवा जळत असतो आणि आत काय चालले आहे याचा बाहेरच्या कोणालाही पत्ता नसतो. हे बंद दार म्हणजे वाचकाची जिज्ञासा जागी ठेवण्यासाठी लेखकाने योजलेली एक युक्ती, असे आपण मानतो आणि रहस्यकथेतील कुलूपबंद खोलीच्या रांगेत तिला बसवून मोकळे होतो. माझ्या मते येथे आपल्या समीक्षेची चूक होते. रहस्यकथेतील खोली उघडली की तिचे काम संपते, कारण जे घडावयाचे ते आत घडून गेलेले असते. विज्ञानकथेतील दारामागे जे चाललेले असते त्याचा परिणाम अजून व्हावयाचा असतो आणि तो बहुधा दाराबाहेरच्या माणसांवर व्हावयाचा असतो. त्यामुळे या दाराचा संबंध कथानकाइतकाच कथेच्या नीतीशीही पोहोचतो. काम करणाऱ्याने आपल्या कामातले काय झाकावे, काय उघड करावे आणि ते कोणाजवळ, या प्रश्नाचा विचार विज्ञानकथेने कसा केला आहे, हे काही कृतींच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. प्रत्येक गोपन हे पाप नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म शाळेत गेला आहे. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट आपण कपाटात ठेवतो, ठरलेल्या वेळी साक्षीदारांसमोर फोडतो आणि तीन तासांनंतर तीच प्रश्नपत्रिका रस्त्यावरच्या कोणाच्याही हाती पडली तरी आपणांस खंत वाटत नाही. या गुप्ततेला मुदत आहे, साक्ष आहे आणि तिच्यापासून लाभ सर्व विद्यार्थ्यांना सारखाच आहे. आमच्या बऱ्हाणपुरात यंत्रमागांची खडखड पहाटेपासून चालू असते. तेथील एखादा रंगारी आपल्या रंगाचे प्रमाण शेजाऱ्याला सांगणार नाही. ते त्याचे कसब आहे आणि त्याने ते जपले तर कोणी त्याला नावे ठेवू नयेत. मात्र त्या रंगाने हाताखालच्या पोराची कातडी जळत असेल, तर ती गोष्ट झाकण्याचा अधिकार त्याला कोणत्या कसबाने मिळतो? गोपनाची परीक्षा येथे सुरू होते.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातच निर्दोष गोपनाचे एक सुंदर उदाहरण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णू नारळीकर या नावातील आद्याक्षरांचा उलटा क्रम होता. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून डॉ. नारळीकरांनी हे नाव घेतले आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंच्या हातची करविली. निकाल लागल्यावर नाव उघड झाले. मोहोरबंद पाकिटाचीच ही रीत. न्याय सुलभ व्हावा म्हणून झाकणे आणि न्याय होताच उघडणे, असा तिचा क्रम आहे. ज्या लेखकाने आपल्या लेखनाचा आरंभ अशा गोपनाने केला, त्याच्या कथेत गोपनाचा प्रश्न यावा हे मला अर्थपूर्ण वाटते. त्या कथेकडे मी पुढे येणार आहे. तत्पूर्वी युरोपीय विज्ञानकथेच्या तीन जुन्या कृतींकडे वळू.

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील राक्षस सर्वांना ठाऊक असतो. जस्टिन नावाची मोलकरीण फारच थोड्यांच्या लक्षात राहते. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन एकांतात, कोणालाही न सांगता एक प्राणी निर्माण करतो आणि तो जिवंत होताच त्याला टाकून पळतो. पुढे त्या प्राण्याच्या हातून व्हिक्टरच्या धाकट्या भावाची हत्या होते आणि आळ येतो तो जस्टिनवर. खरा मारेकरी कोण, हे व्हिक्टर मनोमन ओळखतो. ती निर्दोष आहे असे तो म्हणतो. ती निर्दोष का आहे, हे मात्र सांगत नाही. आपल्याला लोक वेडा ठरवतील ही त्याची भीती. जस्टिन फासावर जाते. या कादंबरीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मानवाने ईश्वराचे काम हाती घेऊ नये असे तिचे तात्पर्य पुन्हा पुन्हा सांगितले गेले आहे. मला तिचे मर्म या न्यायालयातील मौनात दिसते. निर्मितीचा अपराध क्षम्य ठरला असता. न बोलण्याचा अपराध तसा नव्हता, कारण त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी, तीही घरातल्या सर्वांत दुर्बळ व्यक्तीने, चुकती केली.

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या ‘अदृश्य मानव’ या कादंबरीत हेच सूत्र अधिक व्यावहारिक पातळीवर येते. ग्रिफिन हा एका सामान्य महाविद्यालयात शिकविणारा माणूस. आपला शोध आपला वरिष्ठ प्राध्यापक पळवील, या धास्तीने तो तो झाकून ठेवतो. कामाच्या ठिकाणी राहिलेल्या कोणालाही ही धास्ती परकी वाटणार नाही आणि म्हणूनच आरंभी आपली सहानुभूती ग्रिफिनकडे असते. परंतु त्या धास्तीची पुढची पावले पाहा. प्रयोगासाठी तो स्वतःच्या पित्याचे पैसे चोरतो. ते पैसे पित्याचेही नसतात आणि तो बिचारा आत्महत्या करतो. अखेरीस ग्रिफिन जमावाच्या हातून मारला जातो आणि सांकेतिक लिपीतील त्याच्या तीन वह्या एका खाणावळवाल्याच्या हाती पडतात. तो रोज दार लावून त्या वह्या उलगडतो आणि त्यातले एक अक्षरही त्याला उमगत नाही. इतका कडवट उपहास वेल्स यांनीही क्वचितच केला असेल. ज्ञान चोरीला जाऊ नये म्हणून इतके झाकले की शेवटी ते कोणाचेच राहिले नाही.

तिसरी कृती ज्यूल व्हर्न यांची. भा. रा. भागवतांनी व्हर्न यांच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्यामुळे कॅप्टन नेमो आपल्याला घरच्यासारखा आहे. तो तसा आणखी एका अर्थाने आहे, कारण ‘गूढ बेट’ या १८७५ साली पूर्ण झालेल्या कादंबरीत व्हर्न त्याची ओळख बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला राजपुत्र डक्कार, अशी करून देतात. १८७० साली पुस्तकरूपाने पूर्ण झालेल्या पाणबुडीच्या कादंबरीत एक प्रसंग आहे. ‘नॉटिलस’ इतक्या गुप्तपणे बांधली तरी कशी, असा प्रश्न नेमोला विचारला जातो. उत्तर असे की तिचा एकेक भाग वेगवेगळ्या देशांतील कारखान्यांतून, वेगवेगळ्या नावांनी मागविला आणि निर्जन बेटावर सर्व भागांची जोडणी केली. कणा एकीकडचा, पत्रे दुसरीकडचे, मळसूत्र तिसरीकडचे. वाचकाला या चातुर्याचे कौतुक वाटते आणि व्हर्न यांनाही ते वाटले असावे. परंतु ग्लासगोच्या किंवा लिव्हरपूलच्या कारागिराच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. त्याने घाम गाळून जो भाग घडविला तो कशासाठी, हे त्याला कधीच कळले नाही. पुढे नॉटिलसने जहाजे बुडविली, त्यांतील एखाद्यावर त्याचाच भाऊ खलाशी असू शकला असता. कामाचे इतके तुकडे करावयाचे की करणाऱ्याला आपल्या कामाचा अर्थ कळू नये, ही रीत विसाव्या शतकातील शस्त्रनिर्मितीने नंतर प्रत्यक्षात उतरविली. व्हर्न यांच्या कादंबरीत ती एका ओझरत्या संवादात आधीच उभी आहे.

आता नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेकडे येऊ. दत्तदा हे हौशी आकाशनिरीक्षक. त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो आणि त्याला त्यांचे नाव मिळते. पत्नी इंद्राणीदेवींना मात्र धूमकेतू म्हणजे अरिष्टाची खूण वाटते. इकडे केंब्रिजचा एक शास्त्रज्ञ गणिताने दाखवितो की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. ही वार्ता बाहेर फुटली तर जगभर घबराट होईल, म्हणून ती प्रसिद्ध करू नये असे ठरते. निवडक तज्ज्ञांची गुप्त परिषद भरते. दत्तदांनाही तिचे निमंत्रण येते आणि अण्वस्त्रांच्या स्फोटाने धूमकेतूची दिशा बदलण्याची योजना आखली जाते. घरी परतलेले दत्तदा यातले काहीही बोलू शकत नाहीत. घरात अरिष्टशांतीसाठी यज्ञ होतो. धूमकेतू पृथ्वीला न आदळता निघून जातो आणि घरात त्याचे श्रेय यज्ञाला मिळते.

ही कथा अंधश्रद्धा आणि विज्ञाननिष्ठा यांच्या विरोधाची कथा म्हणून वाचली जाते. तशीच ती मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. काही वर्षांपूर्वी एका तासाला शेवटच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “पण सर, दत्तदांनी बाईंना खरं सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर त्यांनी यज्ञ केला असता का?” मी नेहमीचे उत्तर दिले की लोक घाबरले असते. ती म्हणाली, “त्या तर आधीच घाबरल्या होत्या.” वर्ग हसला. मी हसू शकलो नाही, कारण ज्या कथेचा अर्थ मला पाठ होता तिचा पाया त्या मुलीने हलविला होता.

इंद्राणीदेवी भीत होत्या आणि भिण्याजोगे कारण खरोखरच होते. त्यांच्या भीतीचा आधार चुकीचा होता, हे खरे. परंतु ज्यांच्याजवळ खरा आधार होता त्यांनी तो जाणूनबुजून त्यांच्यापासून दूर ठेवला. ज्ञानाने रिकामी ठेवलेली जागा यज्ञाने भरली, यात नवल ते काय? अंधश्रद्धेचा दोष त्या एकट्या बाईच्या माथी मारणे म्हणजे काळोखात ठेवलेल्या माणसाला तो ठेचाळला म्हणून हसणे होय. विज्ञाननिष्ठ समाज घडवावयाचा आणि विज्ञानाची सर्वांत महत्त्वाची वार्ता समाजापासून लपवावयाची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नारळीकरांनी ही विसंगती हेतुपूर्वक रेखाटली की त्यांच्या लेखणीतून ती सहज उतरली, याचा निर्णय करणे मला आवश्यक वाटत नाही. कथेत ती आहे. दत्तदांची अगतिकता लेखकाने इतक्या प्रामाणिकपणे उभी केली आहे की गुप्ततेचा पक्ष घेणाऱ्या वाचकालाही तिची किंमत दिसावी. लेखकाच्या विधानाहून त्याची कथा अधिक बोलते, हे चांगल्या कथेचेच लक्षण होय.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोट्यवधी लोकांना मृत्यूची वार्ता सांगून काय साधेल? चेंगराचेंगरी, लूटमार आणि हाहाकार होणार नाही का? या आक्षेपाचे उत्तर मध्यप्रदेशात राहणाऱ्या माणसाला कल्पनेत शोधावे लागत नाही. १९८४ साली मी शाळकरी विद्यार्थी होतो. त्या वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकीत सुमारे ४० टन द्रव्य होते. राज्य शासनाने पुढे नोंदविलेली मृतांची संख्या ३,७८७ आहे आणि इजा झालेल्यांची संख्या पाच लाखांवर जाते. या कारखान्यात १९८१ साली वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून अनेक उणिवा नोंदविल्या होत्या. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करण्याचा प्रयत्न केला होता. आत माहिती होती. बाहेर वस्ती होती. मध्ये दार होते.

त्या रात्रीची एक गोष्ट मला सर्वांत असह्य वाटते. वस्तीला इशारा देणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. ओले फडके तोंडावर धरावे, एवढी साधी सूचनाही त्या लोकांना कोणी आधी दिलेली नव्हती. रुग्णालयातल्या डॉक्टरांना वायू कोणता आणि त्यावर उपचार कोणता, हे धड कळले नाही. घबराट टाळण्यासाठी गुप्तता, हा युक्तिवाद येथे पुरता कोसळतो. घबराट झालीच, फक्त ती अज्ञानी घबराट झाली आणि कित्येक जण वायूच्या दिशेनेच धावले. ज्याला धोका ठाऊक आहे तो घाबरला तरी योग्य दिशेने पळू शकतो.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारतातील लाक्षागृहाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. पुरोचनाने वारणावतात ज्वालाग्राही पदार्थांचे घर बांधले. बांधणाऱ्याला त्याचे रहस्य ठाऊक होते, राहणाऱ्यांना नव्हते. विदुराने इतरांना न कळेल अशा भाषेत युधिष्ठिराला सावध केले आणि भुयार खणण्यासाठी एक खनक पाठविला. पांडव वाचले. येथवरची कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. परंतु त्या रात्री त्याच घरात एक निषादी आणि तिचे पाच पुत्र झोपले होते. त्यांना कोणीच काही सांगितले नव्हते. सकाळी सापडलेली सहा प्रेते पांडवांची आणि कुंतीची समजली गेली. विदुराची सूचना जेथवर पोहोचली तेथवर जीव वाचले; जेथे ती पोहोचली नाही तेथे राख राहिली. जस्टिन, ती निषादी आणि भोपाळच्या वस्तीतली माणसे यांना मी एका ओळीत ठेवतो. गोपनाचे मोल त्या गोपनात ज्यांचा काडीइतकाही भाग नव्हता त्यांनीच दिले.

भोपाळनंतर कायदा बदलला. १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम ४१-ख घालण्यात आले आणि धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखानदाराने धोक्यांची व त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला दिलीच पाहिजे, असे बंधन आले. २००५ साली माहितीचा अधिकार आला. कायद्याचे हे काम मोठे आहे. परंतु कायदा कागद मागू शकतो. कागद दडविणाऱ्याच्या मनात काय चालते आणि तो न पाहिलेल्याच्या आयुष्याचे काय होते, हे दाखविणे वाङ्मयाचे काम आहे. येथे मला आपल्या विज्ञानकथेविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. माझ्या वाचनात आलेल्या मराठी विज्ञानकथांत शास्त्रज्ञ आहेत, मंत्री आहेत, लष्करी अधिकारी आहेत, परकीय हेर आहेत. यंत्राशेजारी रात्रपाळीला उभा असलेला, मापकाचा काटा सरकताना पाहणारा आणि वरिष्ठाला सांगावे की गप्प बसावे या पेचात सापडलेला कामगार मात्र मला फारसा भेटला नाही. दाराच्या आतला माणूस आपण पुष्कळ रंगविला. दारावर पहारा देणारा आणि दाराबाहेर झोपडीत राहणारा यांची कथा अजून व्हावयाची आहे.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळा काढू शकत नाही. उमेदवारीच्या काळात एका गावी शिक्षक असताना तेथील शाळेच्या एका वर्गाचे छत धोक्याचे आहे, असा अहवाल आला होता. तो पाहिलेल्या तिघांत मी एक होतो. पालकांत उगाच चर्चा नको, म्हणून तो कागद खणात गेला. मी कनिष्ठ होतो, नोकरी नवी होती. मी गप्प राहिलो. एका रविवारी त्या छताचा मोठा तुकडा बाकांवर पडला. रविवार होता, म्हणून या वाक्यापुढे मला काही लिहावे लागत नाही. आज त्या खणासारख्या खणाची किल्ली माझ्याजवळ असते. व्हिक्टर न्यायालयात का बोलला नाही, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा त्याच्या भित्रेपणाविषयी मी पूर्वीइतक्या सहजतेने बोलत नाही.

म्हणून विज्ञानकथा वाचताना आणि वर्गात शिकविताना तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावावी, असे मी सुचवितो. हे रहस्य कोणापासून झाकले आहे? त्याला मुदत आहे काय आणि ते उघडताना साक्षीला कोणी असेल काय? ते उघड झाले नाही तर त्याची किंमत कोण देणार? ‘कृष्णविवर’च्या लेखकाचे टोपणनाव या तीनही प्रश्नांतून उजळ माथ्याने बाहेर पडते. ‘धूमकेतू’तील परिषद तिसऱ्या प्रश्नाशी अडखळते. व्हिक्टर पहिल्याच प्रश्नाशी थांबतो. या प्रश्नांनी कथेचा रस उणावत नाही. उलट जे दार आपण केवळ उत्कंठेने पाहत होतो त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे दिसू लागतात.

बऱ्हाणपुरात येणाऱ्या पाहुण्याला आम्ही कुंडी भंडारा आवर्जून दाखवितो. जहांगिराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत ही योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहराकडे आणले आहे. पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि त्या झाकलेपणामुळेच ते उन्हापासून व घाणीपासून सुरक्षित राहिले. परंतु बांधणाऱ्यांनी तो प्रवाह सगळाच झाकला नाही. अंतराअंतरावर शंभराहून अधिक कुंड्या ठेवल्या, ज्यांतून खाली उजेड व हवा जाते आणि वरच्या माणसाला पाणी निर्मळ आहे की नाही हे वाकून पाहता येते. विद्यार्थ्यांना तेथे नेतो तेव्हा त्यांतला एखादा कुंडीच्या काठावर वाकतो आणि खाली हाक मारतो. त्याला आता मी दटावीत नाही.